रकान्यात न बसणारी गोळी

या मासिकाकडे आहारतज्ज्ञ वाचकांची जी पत्रे अलीकडे येत आहेत, त्यांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आढळते. केस तुटतात म्हणून सल्ल्याला आलेल्या स्त्रीच्या अहवालात टीएसएच तळाला गेलेले व टी-४ वर चढलेले दिसते, थायरॉइड अतिसक्रिय झाल्याची एकही खूण अंगावर नसते, आणि खोदून विचारल्यावर ती रोज १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिन घेत असल्याचे उघड होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढाला दिवसाला ४० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते; म्हणजे ही मात्रा अडीचशे पट झाली. ज्या तपासण्या बायोटिन आणि त्याला घट्ट पकडणारे स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन यांच्या जोडीवर चालतात, त्यांत रक्तातले जादा बायोटिन ती पकड अडवून धरते, त्यामुळे टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त येते. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यात मोजले जाणारे प्रथिन, हेही अशाच कारणाने काही पद्धतींत कमी दिसू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत २०१७मध्येच इशारा दिला होता.

असे असूनही आपल्याकडे या गोळीला विचारणारा कोणी नाही. डॉक्टर ‘कोणती औषधे चालू आहेत’ एवढे विचारतात आणि रुग्ण ‘कोणतीच नाहीत’ असे प्रामाणिकपणे सांगतो, कारण त्याच्या लेखी ती केसांची गोळी असते, औषध नव्हे. प्रयोगशाळेच्या अर्जावर उपाशीपोटी असण्याचा रकाना असतो, बायोटिनचा नसतो. तेथे चौकशी करणाऱ्या वाचकांना ‘ते डॉक्टरांनी बघायचे’ असे उत्तर मिळाले, डॉक्टरांनी ते पूरक आहाराकडे ढकलले, आणि पूरक आहाराच्या डबीवर सुंदर केसांचे चित्र असते, रक्ततपासणीचा उल्लेख नसतो. तपासणीआधी किमान दोन दिवस ही गोळी बंद ठेवावी, एवढे एक वाक्य छापण्यासाठी कोणत्या समितीची वाट पाहिली जात आहे?

त्यातही खेद असा की गोळीचा केस तुटण्याशी संबंध क्वचितच असतो. बायोटिनची खरी कमतरता विरळा आहे. शिवाय तुटणे आणि गळणे या दोन वेगळ्या गोष्टी असून त्या ओळखायला यंत्र लागत नाही: फणीतले केस पांढऱ्या कागदावर पसरले आणि टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली, तर तो केस मुळापासून सुटलेला असतो, गाठ नसेल आणि टोक फाटलेले असेल, तर तो मधेच तुटलेला असतो. केसाचा बाहेरचा दांडा निर्जीव असतो व तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा कमरेपर्यंतच्या वेणीचे टोक कित्येक वर्षांपूर्वी तयार झालेले असते आणि आजचे कोणतेही अन्न तेथवर पोहोचत नाही. त्या टोकाला वाचवायचे असेल तर ओल्या केसांवर फणी ओढणे, कढत पाणी, इस्त्री आणि वारंवारचे ब्लीचिंग थांबवावे लागते. न्हाण्यापूर्वी खोबरेल लावण्याची आजीची रीत येथे उपयोगी ठरते, कारण हे तेल दांड्यात शिरून धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे प्रयोगात दिसले आहे.

आहाराचे काम मुळाशी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, रिता असू शकतो. अशा वेळी मटकीची उसळ, त्यावर लिंबू, जोडीला बाजरीची भाकरी आणि जेवणावर लगेच चहा नाही, हा सल्ला कोणत्याही डबीहून स्वस्त पडतो. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४२ ग्रॅम प्रथिने लागतात; ती पोटात जातात की नाही, हे विचारण्याआधी गोळी लिहून देणाऱ्यांना आहारतज्ज्ञ का म्हणावे?

जादा म्हणजे चांगले, या समजुतीचा फोलपणा बुलढाणा जिल्ह्याने पाहिला आहे. शेगाव तालुक्यातील गावांत २०२५च्या आरंभी माणसांना काही दिवसांत टक्कल पडू लागले, तेव्हा संशय आधी पाण्यावर गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक मिश्र गोळ्यांत हेच सेलेनियम असते, आणि त्याचा अतिरेक केस व नखे ठिसूळ करतो.

शासन जागे होईपर्यंत व्यावसायिकांनी हातावर हात ठेवून बसू नये. कमिशनवर गोळ्या खपवणाऱ्या आहारतज्ज्ञांनी तर आधी तो धंदा आवरावा. प्रत्येकाने आपल्या नोंदपत्रकात ‘केस, त्वचा, नखे यांसाठी काही घेता का? मात्रा किती?’ ही ओळ या महिन्यापासून छापून घ्यावी, शहरातील प्रयोगशाळांना तोच रकाना अर्जात घालण्याची लेखी मागणी करावी, आणि मिळालेल्या उत्तराची प्रत, ते नकारात्मक असले तरी, रुग्णाचे नाव वगळून या मासिकाकडे पाठवावी.