जवारी चालते, मग ट्रेबल का नको?

माझ्या एका मित्राच्या अ‍ॅम्प्लिफायरला दोनच बटणं आहेत. एक आवाज लहानमोठा करायचं, दुसरं एलपी वाजवायची की सीडी ते ठरवायचं. बेस नाही, ट्रेबल नाही, आणि याचंच त्याला भूषण वाटतं. दोनेक वर्षांपूर्वी त्याच्याकडे ख्यालगायनाची एक एलपी ऐकत बसलो होतो. गाणं सुरेख, तंबोरे सुरेख. पण तबलजीनं डग्ग्यावर हात घासला की खोलीच हुंकार द्यायची. शोकेसच्या काचा थरथरायच्या. मी भीत भीत म्हणालो, "बेस थोडा कमी करता आला असता तर..." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सोवळ्यातल्या स्वयंपाकाला शिवलो होतो. "अरे, रेकॉर्डिंगच तसं आहे. कलाकारानं वाढलं ते खायचं. वरून मीठ घालणारे आपण कोण?"

हा पंथ मोठा आहे. गेल्या चाळीसेक वर्षांत महागड्या अ‍ॅम्प्लिफायरांवरून टोन कंट्रोल हळूहळू उतरले. जिथे उरले तिथेही त्यांना वगळून जाणारं 'प्युअर डायरेक्ट' किंवा 'सोर्स डायरेक्ट' नावाचं बटण आलं. नावातच निकाल लागला: बटण दाबलं तर शुद्ध, न दाबलं तर भेसळ. या मंडळींचा पूर्वपक्ष थोडक्यात असा. मूळ ध्वनिमुद्रण पवित्र आहे, त्याला हात लावू नये. वाटेत वाढलेला प्रत्येक भाग आवाज थोडा तरी बिघडवतोच. आणि खोली वाईट असेल तर खोली सुधारा, आवाजाशी का झटता? शिवाय लोकांच्या हाती या खुंट्या दिल्या की ते काय करतात हे आपण सगळ्यांनी ऐकलेलंच आहे. यातला शेवटचा मुद्दा मला बराचसा मान्य आहे. त्याकडे नंतर येतो.

आधी पावित्र्याचं पाहू. मित्राची लाडकी एलपीच घ्या. तबकडीवर खालचे सूर जसेच्या तसे कोरले तर खाचा इतक्या रुंद हेलकावे घेतील की शेजारच्या खाचेत घुसतील. उलट वरचे सूर जसेच्या तसे कोरले तर सुईच्या खरखरीत बुडून जातील. म्हणून तबकडी कापतानाच बेस उतरवतात आणि ट्रेबल चढवतात. अमेरिकेत 1954 साली ठरलेल्या आरआयएए मापानुसार हा फरक, मधल्या 1000 हर्ट्झच्या तुलनेत, 20 हर्ट्झला जवळपास 20 डेसिबल खाली आणि 20,000 हर्ट्झला जवळपास तितकाच वर असतो. म्हणजे दोन्ही टोकांना व्होल्टेजमध्ये सुमारे दहा पटींचा फेरफार. वाजवताना फोनो स्टेज हा अ‍ॅम्पचा भाग याच्या बरोबर उलट करतो, तेव्हा कुठे गाणं गाण्यासारखं ऐकू येतं. मित्राच्या अ‍ॅम्पमध्ये, त्या दोन पवित्र बटणांच्या मागे, एक भलाथोरला टोन कंट्रोल कायमचा झाळून बसवलेला आहे. फक्त त्याला खुंटी नाही.

1954 च्या आधी तर आनंदच होता. प्रत्येक कंपनीचं माप निराळं. 78 च्या तबकड्यांवरून पुढे एलपी आणि सीडी निघाल्या, त्या काढणाऱ्यानं आपापल्या कानांनी आणि अंदाजानं बेस-ट्रेबल ठरवले. अब्दुल करीम खाँसाहेबांची एकच चीज दोन वेगवेगळ्या संचांत ऐका. एकात आवाज कापडात गुंडाळल्यासारखा येतो, दुसऱ्यात पत्र्यावर ओरखडे काढल्यासारखा. यातलं 'मूळ' कोणतं? मायक्रोफोन येण्यापूर्वीच्या, भोंग्यात गाऊन घेतलेल्या तबकड्यांत तर वरच्या पट्ट्यात खरखरीखेरीज जवळजवळ काहीच नाही. तिथे ट्रेबल उतरवणारा माणूस गाण्यातलं काहीएक गमावत नाही.

बरं, जुनं सोडा. आजच्या स्टुडिओत कन्सोलच्या प्रत्येक चॅनेलवर इक्वलायझर असतो आणि तो शोभेसाठी नसतो. 1978 साली आलेला यामाहाचा एनएस-10 हा छोटा स्पीकर पुढे जगभरच्या स्टुडिओंत पोचला. त्याचा वरचा सूर इतका टोचायचा की भलेभले इंजिनिअर ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवून काम करत. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणून हात जोडतो, त्याची शेवटची चव कधीकधी टिश्यू पेपरच्या जाडीवर ठरली. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी या सगळ्याला 'गोंधळाचं वर्तुळ' अशा अर्थाचं नाव दिलं आहे: ज्या स्पीकरवर ऐकून रेकॉर्डिंग घडवलं, त्याचे दोष रेकॉर्डिंगमध्ये उलटे उतरतात, मग त्याच रेकॉर्डिंगवरून आपण आपले स्पीकर पारखतो.

आता आमच्या शोकेसच्या काचांकडे येतो, कारण खरा दोषी तिथेच सापडतो. मित्राची खोली दहा बाय बारा फूट, उंची साडेनऊ. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 344 मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लाटेची निम्मी लांबी बरोबर बसते, तो सूर खोली धरून ठेवते. बारा फुटांना तो 47 हर्ट्झ येतो, दहा फुटांना 56 आणि उंचीला 59. शेवटचे दोन जवळजवळ एकावर एक बसले. दुपटीवर 94 आणि 113 ला पुन्हा तोच खेळ. डग्ग्याची घुमार याच मुलखात फिरते. त्यात स्पीकर कोपऱ्यात, म्हणजे दोन भिंती आणि जमीन मिळून बेस आणखी फुगवणार. तबलजी बिचारा नेटकं वाजवून गेला. हुंकार बांधकामाचा होता. "रेकॉर्डिंगच तसं आहे" हे वाक्य म्हणजे बिल्डरचं पाप कलाकाराच्या माथी मारणं.

"मग खोली सुधार," असं शुद्धतावादी म्हणतो. जरूर सुधारावी. स्पीकर कोपऱ्यातून ओढून पाहावेत, बसायची जागा बदलून पाहावी. हा उपाय पहिला, आणि फुकटचा. पण 56 हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते. ती पडद्यांनी आणि सतरंजीनं शोषली जात नाही. त्यासाठी फूटभर जाडीचे शोषक कोपऱ्याकोपऱ्यांत उभे करावे लागतात. ज्या घरात पाहुणे आले की सोफ्याचाच पलंग होतो, तिथे हा सल्ला देणाऱ्यानं आधी ते शोषक कुठे ठेवायचे ते दाखवावं.

जास्तीचं सर्किट आवाज बिघडवतं, हा आक्षेप एके काळी थोडा खरा होता. सुरुवातीच्या पुष्कळ रेडिओंची टोनची खुंटी वरचे सूर नुसते कापायची. 1952 साली पीटर बॅक्संडॉल या इंग्रज इंजिनिअरनं 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात निगेटिव्ह फीडबॅकवर चालणारा टोन कंट्रोल मांडला. बेस आणि ट्रेबल स्वतंत्र, कापताही येतात, वाढवताही येतात, आणि खुंटी मध्यावर असताना सर्किट आवाजाला हात लावत नाही. त्याच्या नकला पुढे जगभर झाल्या. नीट बांधलेल्या अशा सर्किटचं डिस्टॉर्शन एका टक्क्याच्या शंभराव्या भागाहून कमी ठेवता येतं. स्पीकरचं, खालच्या सुरांत, सहज टक्काभर असतं. फेज बदलतो म्हणावं, तर स्पीकरच्या पेटीतला क्रॉसओव्हर त्याहून कितीतरी जास्त बदलतो, आणि त्याची तक्रार कुणी करत नाही. एक तक्रार मात्र खरी. स्वस्त अ‍ॅम्पच्या खुंटीमागचा पॉट पाचसहा वर्षांत धूळ खाऊन फिरवताना खर्र करतो. पण तो दोष पॉटचा.

टोन कंट्रोल हवा याला घराबाहेर न दिसणारं आणखी एक कारण आहे. बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच मोजून दाखवलं की आवाज कमी केला की कानाला बेस इतर सुरांपेक्षा जास्त उणा वाटतो. मैफलीच्या पातळीवर घडवलेलं गाणं रात्री साडेअकराला, शेजाऱ्यांची झोप सांभाळून ऐकलं, तर तंबोऱ्याचा खर्ज नाहीसा होतो आणि गाणं पांगळं होतं. अशा वेळी बेस थोडा वाढवणं म्हणजे गेलेलं परत आणणं. जुन्या डेकवरचं 'लाउडनेस'चं बटण याचसाठी होतं. उतारवयात वरचे सूर कमी ऐकू येतात म्हणून ट्रेबल वाढवा, असंही काही जण सांगतात. हा युक्तिवाद मी वापरत नाही. मैफलीलाही आपण तेच कान घेऊन जातो.

आणि कलाकार तरी नादाला अस्पर्श मानतो का? मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी लावतो. गवई गाण्याआधी तारेखालचा दोरा केसभर पुढेमागे सरकवतो, की वरचे स्वर उमलतात किंवा मिटतात. ट्रेबलची खुंटी याहून निराळं काय करते? तबल्यावर शाईचा थर चढतो तोही पुडीचे विस्कळीत सूर सुरात आणायला. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली सहकाऱ्यासह 'नेचर'मध्ये लिहिलं होतं ते याच तालवाद्यांच्या सुरेल उपस्वरांविषयी.

आता कबुली. ऐंशीच्या दशकात दहा पट्ट्यांचे, दिवे नाचवणारे ग्राफिक इक्वलायझर आले आणि घरोघरी त्यांच्या सरकत्या खुंट्यांचं हसरं तोंड झालं: दोन्ही टोकं वर, मधला भाग खाली. गाणाऱ्याचा गळा नेमका मधल्या भागात राहतो, तोच गाडला गेला. बेस 10 डेसिबल वाढवला की तिथे दसपट ताकद लागते. दोन वॉटवर सुखानं चालणारं गाणं वीस वॉट मागतं, अ‍ॅम्प फाटतो आणि बळी ट्वीटरचा जातो. शिवाय जिथे भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला पुसून टाकते, त्या जागी बसून तो सूर वाढवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून माझा हात कापण्याकडे असतो. 1972 साली जॉर्ज मॅसनबर्ग यांनी मांडलेल्या पॅरामेट्रिक पद्धतीत नेमका एकच सूर, हव्या त्या रुंदीनं, उतरवता येतो. खोलीच्या हुंकारावर याहून चांगलं औषध मला ठाऊक नाही. बेसची साधी खुंटी मात्र बोथट कोयता आहे: डग्ग्याबरोबर तंबोऱ्याच्या खर्जालाही लागते. तरी काचा वाजण्यापेक्षा बरी.

गेल्या दिवाळीत मित्राच्या मुलानं त्याला एक डबी आणून दिली. सोबतचा मायक्रोफोन खुर्चीवर ठेवायचा, डबी शिट्टीसारखा एक आवाज काढून खोली मोजते आणि मग सीडीच्या वाटेत बसते. एलपीच्या वाटेत तिला अजून प्रवेश नाही, तिथलं सोवळं कडक आहे. मी गेलो तेव्हा तेच गायन सीडीवर लागलं होतं. त्यानं फोनवर मला एक रेघ दाखवली, सगळीकडे सपाट आणि 56 हर्ट्झच्या आसपास खोल खड्डा. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "हे टोन कंट्रोल नव्हे हं. रूम करेक्शन आहे." मी मान डोलावली. तबलजीनं डग्ग्यावर हात घासला, मींड खालपर्यंत स्वच्छ गेली, आणि शोकेसमधल्या काचा गप्प होत्या.