मंडई : कर्तव्य की मालमत्ता?

पुण्याच्या नगरपालिकेत 1880 च्या सुमारास नव्या मंडईच्या इमारतीचा प्रश्न चर्चेला आला, तेव्हा ज्या मोजक्या सभासदांनी त्या खर्चाला विरोध केला त्यांत जोतीराव फुले होते. एवढा पैसा इमारतीवर उधळण्यापेक्षा तो सामान्यांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. 1886 मध्ये मंडई उभी राहिली आणि तिला रे या गव्हर्नरांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. मुंबईत ऑर्थर क्रॉफर्ड या पहिल्या म्युनिसिपल कमिशनरच्या नावाची मंडईदेखील आज फुले मंडई म्हणूनच कागदोपत्री नोंदलेली आहे. ज्याने मंडईच्या खर्चावर आक्षेप घेतला, त्याचेच नाव दोन शहरांतील मंडयांवर झळकावे, हा इतिहासाचा विनोद खरा. परंतु नगरपालिकेचा पैसा कोणासाठी, हा त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र विनोदावारी नेण्यासारखा नाही. तोच प्रश्न आज ‘पुनर्विकास’ या भारदस्त नावाखाली पुन्हा उभा आहे. फरक इतकाच की, तेव्हा वाद खर्चाचा होता, आता उत्पन्नाचा आहे.

मंडईच्या जागेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. पहिली कायद्याची. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्याने सार्वजनिक मंडया बांधणे आणि त्या सुस्थितीत ठेवणे हे महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत घातले आहे. रस्ते, पाणी, मलनिस्सारण यांच्याच पंक्तीला. दुसरी दृष्टी हिशेबाची. जुन्या मंडईचे भाडे नाममात्र, छप्पर गळके, जागा मात्र शहराच्या ऐन मध्यावर. अशा जागेवर तळमजल्याला मंडई ठेवावी, वर चटई क्षेत्र निर्देशांकाच्या आधारे मजले चढवावेत, बांधकामाचा भार विकासकाने उचलावा आणि वरचे मजले त्याला विकू द्यावेत, असा हा सरळ सौदा. महापालिकेला छदामही न खर्चता नवी मंडई मिळते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात महापालिकेने जे दिलेले असते ते जमाखर्चात दिसत नाही, इतकेच. ती देते त्या जागेवरचा भविष्यकाळ.

या युक्तिवादात तथ्य मुळीच नाही, असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. मुंबईत फळे आणि भाजीपाल्याचा घाऊक व्यापार 1996 मध्ये वाशीला गेला. जी मंडई घाऊक व्यापाराच्या मापाने बांधली गेली होती, तिचा काही भाग त्यामुळे ओस पडला हे उघड आहे. ओली लादी, तुंबलेली गटारे, जिन्याखाली लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा यांना ‘वारसा’ म्हणून कवटाळणारे बहुधा स्वतः तेथे भाजी विकावयास बसत नाहीत. परंतु दुरुस्ती आणि विक्री यांत अंतर आहे. वर्षानुवर्षे दुरुस्ती टाळायची, इमारत धोकादायक होऊ द्यायची आणि मग ती धोकादायक आहे म्हणून विकासकाला पाचारण करायचे, या क्रमाला नियोजन म्हणता येत नाही.

लोकनियुक्त सभागृहाच्या मताचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. मुंबई सोडून इतर महापालिकांना लागू असलेल्या 1949 च्या कायद्याचे कलम 79 स्थावर मालमत्तेच्या विल्हेवाटीसाठी महापालिकेची मंजुरी मागते आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असू नये, असे बजावते. या बंधनामागे उघड सभेतील चर्चा गृहीत धरलेली आहे. मार्च 2022 मध्ये मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकांनीच कारभार पाहिला. ज्याने प्रस्ताव मांडायचा, त्यानेच मंजूर करायचा! याच काळात, 2024 मध्ये, मुंबई महापालिकेने क्रॉफर्ड मंडईलगतच्या जागेसह काही मोक्याचे भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासाठी बोली मागविल्या. कायद्याने त्यात खोट काढता येईलही वा न येईल. परंतु नगरसेवकांच्या तोंडून एकही प्रश्न न विचारला जाता शहराच्या मालकीच्या जमिनीचा व्यवहार निविदेपर्यंत पोहोचावा, हे स्थानिक स्वराज्य या शब्दांतील ‘स्व’ वगळण्यासारखेच आहे. नगरसेवक धुतल्या तांदळासारखे असतात, असा याचा अर्थ नव्हे. त्यांना निदान दर पाच वर्षांनी मतदारांच्या दारात जावे लागते.

क्रॉफर्ड मंडईच्या दारावर लॉकवूड किपलिंग यांनी कोरलेल्या शिल्पांत शेतात राबणारी माणसे आहेत. 1869 मध्ये पुऱ्या झालेल्या त्या इमारतीने शेतमाल पिकविणाऱ्याला दर्शनी भागावर बसविले. तिच्यात माल विकणाऱ्याला पुनर्विकासाच्या करारात कोठे बसविले जाते, यावर त्या कराराची परीक्षा व्हावी. परवानाधारकाला तळमजल्यावरच तितकीच जागा मिळणार की तळघरात, जेथे गिऱ्हाईक उतरत नाही? संक्रमण काळातील गाळा किती वर्षांसाठी, आणि काम रखडल्यास जबाबदारी कोणाची? नव्या इमारतीचे देखभाल शुल्क टोपलीभर पालेभाजी विकणारी बाई भरू शकेल काय? आणि भाडेपट्ट्याची मुदत संपेल त्या दिवशी जमीन व तीवरील बांधकाम महापालिकेकडे बिनशर्त परत येईल, की मुदतवाढीचा हक्क आजच लिहून दिला जाईल? त्या दिवशी आजचे आयुक्त खुर्चीत नसतील, आजचे नगरसेवकही नसतील. म्हणून ही कलमे निविदा निघाल्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वी, मराठीत छापून गाळेधारकांच्या हाती आणि सभागृहाच्या पटलावर पडली पाहिजेत.