आईला ‘टाकलं’ नाही, ‘ठेवलं’ आहे

“डॉक्टर, शेवटी आईला टाकलं आम्ही.”

डोलवीच्या पोलाद कारखान्यात पाळीवर जाणारा मुलगा मान खाली घालून असं म्हणतो, तेव्हा मी त्याला आधी तो शब्द बदलायला सांगतो.

त्याच्या आईला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. ती रात्री उठून दार उघडायची आणि चालू लागायची. मुंबई-गोवा महामार्ग घरापासून हाकेवर. मुलाची रात्रपाळी असली की सून जागी. दोन वर्षांत सुनेलाच रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. मग पनवेलकडच्या एका देखभाल केंद्रात आईची सोय केली. आई आता सुरक्षित आहे, वेळेवर जेवते. पण मुलाची झोप उडाली आहे.

तुमच्या घरीही असंच झालं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

अपराधी का वाटतं?

माणूस गेला की घरात दहावं-तेरावं होतं, लोक भेटायला येतात, रडायला जागा मिळते. इथे माणूस आहे, पण घरात नाही. समोर आहे, पण कधी कधी तुम्हाला ओळखतही नाही. या दुःखाला सुतक नाही. अमेरिकेतील तज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी अशा वियोगाला ‘अँबिग्युअस लॉस’ म्हटलं. आपण त्याला अधांतरी वियोग म्हणू. मोकळं व्हायला वाट नसली की हे दुःख अपराधीपणाचं रूप घेतं. म्हणून लक्षात ठेवा, अपराधी वाटतं याचा अर्थ तुम्ही अपराध केला असा होत नाही.

कायद्यालाही हा फरक कळतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २४ शिक्षा सांगतं ती आई-वडिलांना कायमचं सोडून देण्याच्या हेतूने कुठेतरी ठेवणाऱ्याला. जो खर्च करतो, भेटायला जातो, औषधांची चौकशी करतो, त्याने आईला सोडलेलं नाही.

“मला घरी ने”

हे वाक्य सगळ्यात जास्त लागतं. पण आठवून पाहा, आई स्वतःच्या घरात बसूनही हेच म्हणत नव्हती का? डिमेन्शियात ‘घर’ म्हणजे बहुतेक वेळा पत्ता नसतो. कधी ते लहानपणीचं माहेर असतं, कधी ‘मला भीती वाटते, जवळ बस’ एवढंच सांगायचं असतं. “आता हेच तुझं घर” असा वाद घालू नका. हात धरा, माहेरच्या गोष्टी काढा. पहिले काही आठवडे गोंधळ आणि चिडचिड वाढू शकते. त्यावरून निर्णय चुकला असं लगेच ठरवू नका.

तुमचं काम संपलेलं नाही

माझं स्पष्ट मत आहे: आईला केंद्रात ठेवणं चूक नाही, पण अपराधीपणापोटी भेटायला जाणंच टाळणं ही चूक आहे. “तिला तसं बघवत नाही” म्हणून फेऱ्या कमी होतात आणि मग ‘टाकलं’ हा शब्द खरा व्हायला लागतो.

अंघोळ, औषधं, रात्रीची जागरणं आता दुसरे करतील. तुमच्याकडे उरतं मुलाचं काम. ठरलेल्या दिवशी जा, थोडाच वेळ, पण नियमित. तिच्या आवडीचं सोड्याचं कालवण न्या. मात्र गिळताना ठसका लागतो का, पथ्य काय आहे, हे आधी तिथल्या नर्सला विचारा. गणपतीत दोन-तीन दिवस घरी आणल्याने ती गोंधळणार असेल, तर तुम्हीच तिथे जाऊन तिच्यासोबत आरती म्हणा.

डोळेही उघडे ठेवा. झपाट्याने घटलेलं वजन, पाठीवरच्या जखमा, कारण न कळणारे व्रण, सतत गुंगी यांपैकी काही दिसलं तर भीड न ठेवता जाब विचारा, डॉक्टरांना दाखवा, गरज पडली तर जागा बदला.

घरी उरलेल्यांना विसरू नका. आजीमागे एकटे राहिलेले आजोबा सवयीने दोन कप चहा ओततात; त्यांना भेटीला सोबत न्या. आणि लांब राहणाऱ्या भावंडांनो, “आम्हाला विचारायचं होतंस” म्हणण्याआधी महिन्यातल्या दोन फेऱ्या आणि खर्चाचा वाटा उचला.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, भूक मेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा किंवा टेलिमानसच्या १४४१६ वर बोला. जगणं नको वाटू लागलं तर एक दिवसही थांबू नका. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. दोन्ही सेवा मोफत आहेत.

शेजारी विचारतील, “आईला कुठे टाकलंत?” शांतपणे सांगा, “टाकलं नाही. जिथे रात्रभर कुणीतरी जागं असतं, तिथे ठेवलंय. रविवारी जातोय भेटायला. येता का सोबत?”