फायरमनच्या छातीवर काय लावायचं?

परवा आमच्या नगरपरिषदेच्या फायर स्टेशनात बसलो होतो. नव्या साहित्याच्या यादीवर गप्पा चाललेल्या. यादीत 'रेडिएशन डिटेक्टर, नग १' असं लिहिलेलं. कुठला, कशासाठी, कोण वापरणार, काही नाही. एक जण हसून म्हणाला, "इथं कुठं अणुभट्टी आहे?"

अणुभट्टी लागत नाही हो. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारवाल्यांनी एक जुनं यंत्र तोडलं, त्यात कोबाल्ट-६० निघालं. एक कामगार गेला, बाकीचे आजारी पडले. यंत्र आलं होतं विद्यापीठातून, लिलावात. भंगाराची गोदामं तर आपल्याकडे प्रत्येक गावात आहेत. पाइपलाइनचं वेल्डिंग तपासायला इरिडियम-१९२ जीपमधून फिरतं. उद्या त्या जीपला अपघात झाला की पहिला फोन १०१ लाच जाणार ना?

मग घ्यायचं कुठलं? इथंच घोळ आहे. सर्वसाधारण समज असा, की जितकं संवेदनशील तितकं चांगलं. तर ब्राझीलमधल्या गोयानियाची गोष्ट ऐका. सप्टेंबर १९८७. बंद पडलेल्या क्लिनिकमधलं सीझियम-१३७ भंगारात गेलं. संशय आल्यावर एका भौतिकशास्त्रज्ञाने युरेनियम शोधायचं यंत्र उसनं आणलं. ते इतकं संवेदनशील, की कुठल्याही दिशेला धरलं तरी काटा टोकालाच! गड्याला वाटलं यंत्र बिघडलंय, म्हणून तो दुसरं आणायला परत गेला. तो आला तेव्हा अग्निशमन दलाचे लोक ती वस्तू उचलून नदीत टाकायच्या बेतात होते. त्याने वेळेवर थांबवलं. एवढं होऊनही त्या प्रकरणात चार जीव गेलेच.

चेर्नोबिलला १९८६ मध्ये हाताशी होती ती यंत्रं ताशी ३.६ रोंटजेनच्या वर दाखवतच नव्हती. मग वरती कळवला गेला तोच आकडा. काटा अडकला होता आणि लोकांना वाटलं, एवढंच आहे.

म्हणजे फायरमनला कमीत कमी किती मोजतं यापेक्षा जास्तीत जास्त किती मोजतं हे महत्त्वाचं. नेहमीचं रेडिएशन ताशी साधारण ०.१ मायक्रोसिव्हर्ट असतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे १०० मायक्रोसिव्हर्टला आतला घेरा टाकायचा, आणि १०० मिलिसिव्हर्टच्या पुढे जीव वाचवण्यापुरतंच आत जायचं. म्हणजे नेहमीच्या दहा लाख पट! तिथेही आकडा बरोबर दाखवणारं यंत्र हवं. काही साधी गायगर यंत्रं फार तीव्र रेडिएशनमध्ये उलट कमी किंवा शून्य दाखवतात. शून्य दिसलं की माणूस बिनधास्त आत शिरणार.

दुसरं, ते छातीवर लावता यायला हवं आणि वाजायला हवं. सायरन, पंप, लोकांचा आरडाओरडा यात नुसता बीप ऐकू येत नाही, थरथरायलाही हवं. जाड हातमोजे घालून बटण दाबता आलं पाहिजे. एक्स-रे विभागात लावतात तो टीएलडी बॅज इथे पुरेसा नाही, तो नंतर प्रयोगशाळेत गेल्यावर सांगतो. आग विझवणाऱ्याला आत्ता कळायला हवं. कपड्यांवर धूळ बसली का हे बघायला वेगळं चपटं प्रोब लागतं. ते पथकात एक असलं तरी चालेल.

आणि 'नग १' म्हणजे काय? गाडीवर पाच माणसं असतील तर चौघांनी काय देवाचं नाव घ्यायचं? एक महागडं, समस्थानिक ओळखणारं यंत्र घेऊन साहेबांच्या कपाटात ठेवण्यापेक्षा तेवढ्या पैशात साधी अलार्मवाली घ्या, प्रत्येकाला एक. समस्थानिक ओळखायला तज्ज्ञ येतीलच, तोवर यांनी लांब राहायचंय.

टेंडर काढणाऱ्या साहेबांना माझे प्रश्न एवढेच. यंत्राची वरची मर्यादा किती? मर्यादा ओलांडली की ते काय दाखवतं? कॅलिब्रेशन कोण, किती मुदतीत करणार आणि त्याचे पैसे कुठल्या हेडमधून? बॅटरी आपल्या बाजारपेठेत मिळते का? त्याच स्टेशनात दोन वर्षांपूर्वी आलेला गॅस डिटेक्टर सेल संपल्यापासून ड्रॉवरमध्ये पडलाय. यादी दाखवणाऱ्यानेच तो ड्रॉवर उघडून दाखवला.