शब्द टाकणारा शेजारी

मगरिबची नमाज होते, इफ्तारची ताटं उचलली जातात आणि तरावीहला अजून वेळ असतो. मशिदीबाहेरच्या चहाच्या टपरीवर चार-पाच जण रेंगाळतात. गप्पा महागाईवरून सुरू होतात आणि रोज एकाच वळणावर येतात. शिकून काय उपयोग? नोकरी कोण देणार आहे? पोरगा दहावी झाला की गॅरेजला लावून टाका, निदान हाताला काम तरी लागेल.

बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यांनी अर्ज करून पाहिलेले असतात, भाड्याचं घर शोधताना नाव सांगितल्यावर बदललेला चेहराही पाहिलेला असतो. त्यांचा अनुभव खोटा ठरवण्याचा कुणालाच अधिकार नाही. पण त्याच बाकड्याच्या टोकाला दहावीचे पेपर देणारा एखादा मुलगा बसलेला असतो. तो मान खाली घालून चहा पितो आणि सगळं ऐकतो.

असंच बोलणं पुण्यात एका बापाच्या कानावर पडलं होतं. गोविंदराव फुले यांचा मुलगा शाळेत हुशार होता. शिकलेला मुलगा शेतीच्या कामाचा राहणार नाही, असं एका कारकुनाने त्यांच्या मनात भरवलं. गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढलं आणि मळ्यात कामाला लावलं. शेजारी गफार बेग मुन्शी राहत. उर्दू-फारसीचे जाणकार. मळ्यातल्या या मुलाची बुद्धी वाया जाते आहे, हे त्यांना बघवेना. लिजीटसाहेब नावाच्या ख्रिस्ती गृहस्थालाही तसंच वाटत होतं. दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. पुढे सातच वर्षांनी, १८४८ मध्ये, त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. मुन्शींनी मुलाच्या पाठीवर नुसता हात फिरवला असता, तर तो मळ्यातच राहिला असता. ते बापाकडे गेले, त्यांनी आपला शब्द टाकला. उत्तेजन म्हणतात ते एवढं साधं असतं आणि एवढं अवघडही, कारण उद्या मुलगा नापास झाला तर शब्द टाकणाऱ्याचीही मान खाली जाते. ‘काही होणार नाही’ म्हणणाऱ्याला असला धोका कधीच नसतो. तो चुकला तरी कुणी त्याला जाब विचारत नाही.

लोकांचा सत्यानाश झाला, असं जो म्हणत सुटतो, त्याचाच सर्वांत जास्त नाश झालेला असतो, अशा अर्थाचं प्रेषित मुहम्मद (स.) यांचं एक वचन सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. रमजानमध्ये जकातीचा हिशेब चोख होतो, बचतीवर अडीच टक्के. तोंडातून गेलेल्या शब्दांचा हिशेब मात्र फारसा कुणी मांडत नाही.

खरं तर मोहल्ल्याला हे काम येत नाही असं नाही. सात-आठ वर्षांचं पोर पहिला रोजा धरतं, तेव्हा काय होतं ते पाहावं. दुपारी तीनला ते कोमेजतं. मग शेजारच्या खाला येतात, समोरच्या जोशीकाकू येतात, कुणी गोष्ट सांगतं, कुणी घड्याळ दाखवतं, ‘झालंच रे, थोडंच राहिलं.’ उद्या सोडूनच देशील, असं त्याला कुणी म्हणत नाही. संध्याकाळी गळ्यात हार पडतो आणि कुठल्याशा पेपरात फोटोही येतो.

तेच पोर आठ वर्षांनी टपरीच्या बाकड्यावर येऊन बसतं. त्याचा निकाल लागायला अजून अवकाश आहे. अकरावीचा फॉर्म कसा भरायचा, शिष्यवृत्तीला कोणते दाखले लागतात, हे ठाऊक असलेला एखादा तरी माणूस त्या चहावाल्याच्या गिऱ्हाइकांत असतोच. मुलाचे वडीलही तरावीहला येतात. त्यांना गाठायला नमाजेनंतरची दहा मिनिटं पुरतात.