शिक्का बघायचा की गाणं ऐकायचं?

आवडता बँड मोठ्या कंपनीकडे गेला, की 'विकले गेले!' हा श्रोत्यांचा निकाल तयारच असतो. नवा अल्बम ऐकायचा तो नंतर, जमल्यास!

ग्रीन डेचंच बघा. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमधलं '९२४ गिलमन स्ट्रीट' हे त्यांचं घरचं अंगण. बड्या कंपन्यांशी करार केलेल्यांना तिथे मंच नाही, हा तिथला नियम. १९९४ साली रीप्राइझ कंपनीकडून 'डूकी' आला आणि जुन्या चाहत्यांपैकी अनेकांनी तोंड फिरवलं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. छोट्या मंचाला स्वतःला जपावंच लागतं. पण मंचाचा नियम म्हणजे कानाचा निकाल नव्हे. 'डूकी'त तोच वेग होता, त्याच गुणगुणाव्याशा चाली होत्या. ध्वनिमुद्रण स्वच्छ झालं आणि शिक्का बदलला, इतकंच. शिक्का बघून फाईल सरकवणं हे आम्हा कारकुनांचं काम. रसिकांनी ते कशाला करावं?

२००४ मध्ये 'अमेरिकन इडियट' आला. त्यात एक गाणं चक्क नऊ मिनिटांचं. मग कुरकुर उलटी: 'हे पंक नव्हेच!' म्हणजे तेच केलं तर बाजारू, वेगळं केलं तर भ्रष्ट. बँडने करायचं तरी काय?

मे २०१५ मध्ये एका मदतनिधी कार्यक्रमासाठी ग्रीन डे गिलमनच्या मंचावर पुन्हा वाजवून गेले. दार उघडायला दोन दशकं लागली. कान उघडायला इतकी कशाला हवीत? आधी दोनदा ऐका, मग खुशाल शिव्या घाला. पण गाण्याला, कराराला नव्हे!