आपल्या आमदाराचे १७५

जिंतूरच्या बसस्थानकासमोर चहाचा ग्लास रिकामा होईपर्यंत पुढच्या राष्ट्रपतींची तीन नावं निघतात. द्रौपदी मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते, चर्चेला मात्र आत्ताच रंग चढलाय. मला ती ऐकायला मनापासून आवडते.

२००७ साली मराठवाडा असाच कान लावून बसला होता. लातूरच्या शिवराज पाटील चाकूरकरांचं नाव आघाडीवर होतं. डावे पक्ष राजी झाले नाहीत आणि १४ जूनला प्रतिभाताई पाटलांचं नाव जाहीर झालं. २०२२ मध्ये शरद पवारांची हवा झाली. त्यांनी स्वतःच नकार दिला.

नावं अशी येतात नि जातात. हिशेब पक्का असतो. राष्ट्रपती निवडणुकीत इथल्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५; उत्तर प्रदेशात २०८. राज्याच्या लोकसंख्येला २८८ आमदारांनी भागायचं, मग हजाराने. लोकसंख्या कुठली, तर १९७१ च्या जनगणनेची! म्हणजे तेव्हा घरोघरी मोजलेले आपले आजी-आजोबा अजून त्या मतात आहेत. शिवाय मतदान गुप्त, पक्षाचा व्हिप लागू नाही. तेव्हा आमदार गावात आल्या, की रस्त्या-पाण्याबरोबर हेही विचारा: आमच्या १७५ चं काय ठरवलंत?